वनस्पतीभक्षी कीटकांचे पोषण

वनस्पतीभक्षी कीटकांचे पोषण हा कीटकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. पाने, खोड, मुळे, फुले, बिया किंवा वनस्पतींचा रस यांवर जगणारे कीटक कोणते अन्न निवडतात, ते किती खातात, त्यातील किती भाग पचवतात आणि पचलेल्या भागातून शरीराची वाढ किती करतात, या प्रश्नांची उत्तरे या विषयात शोधली जातात. पिकांवरील बहुतेक महत्त्वाच्या किडी वनस्पतीभक्षी असल्यामुळे शेतीच्या दृष्टीने या अभ्यासाला विशेष मोल आहे. कापूस, केळी, ज्वारी, मका, हरभरा, तूर आणि भुईमूग ही पिके घेणारा जळगाव व धुळे जिल्ह्यांचा खानदेश परिसर या विषयाच्या पदव्युत्तर संशोधनाला भरपूर साहित्य पुरवतो.

## पोषणाच्या गरजा

कीटकांच्या मूलभूत पोषक गरजा बऱ्याच अंशी उच्च प्राण्यांसारख्याच असतात. आर्जिनिन, हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मेथिओनिन, फिनाइलअॅलानिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन ही दहा अमिनो आम्ले त्यांना सामान्यतः आहारातूनच मिळवावी लागतात. यांखेरीज ब गटातील जीवनसत्त्वे, खनिजे, कर्बोदके आणि पाणी यांची आवश्यकता असते. अनेक वनस्पतीभक्षी कीटकांना क जीवनसत्त्वही अन्नातूनच घ्यावे लागते. पतंग व फुलपाखरांच्या अनेक जातींच्या अळ्यांना लिनोलेनिक आम्लासारखी मेदाम्ले मिळाली नाहीत, तर कोषातून बाहेर पडणाऱ्या प्रौढांचे पंख नीट उलगडत नाहीत.

कीटक आणि सस्तन प्राणी यांच्यातील एक ठळक फरक स्टेरॉलच्या बाबतीत दिसतो. कीटकांना स्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. हॉब्सन यांनी 1935 मध्ये माशीच्या अळ्यांवरील प्रयोगांतून ही गरज दाखवून दिली. कात टाकण्याची क्रिया घडवणारे संप्रेरक स्टेरॉलपासून बनते. त्यामुळे स्टेरॉलविना अळीची वाढ थांबते. वनस्पतीभक्षी कीटक वनस्पतींमधील स्टेरॉलचे रूपांतर कोलेस्टेरॉलमध्ये करून ही गरज भागवतात.

### नत्राची उणीव

वनस्पतीवर जगण्यातील सर्वांत मोठी अडचण नत्राची असते. प्राण्यांच्या शरीराच्या शुष्क वजनात सुमारे 7 ते 14 टक्के नत्र असते; वनस्पतींच्या ऊतींमध्ये मात्र ते अवयव, वय आणि ऋतू यांनुसार 0.03 ते 7 टक्क्यांपर्यंत बदलते. कोवळी पाने, परागकण आणि बिया यांत नत्र अधिक असते, तर जून पाने व लाकूड यांत ते फार कमी असते. किडी शेंडे, कळ्या, फुले व दाणे यांकडे का वळतात, याचे एक महत्त्वाचे कारण यात आहे. पानांतील पाण्याचे प्रमाणही तितकेच निर्णायक ठरते. पान जून झाले की त्यातील पाणी व नत्र दोन्ही घटतात, तंतू वाढतात आणि अळीची वाढ मंदावते.

रस शोषणाऱ्या कीटकांची स्थिती वेगळी असते. अन्नवाहिनीतील रसात साखर विपुल, पण आवश्यक अमिनो आम्ले अल्प असतात. मावा ही उणीव आपल्या शरीरात वाढणाऱ्या बुखनेरा या सहजीवी जिवाणूच्या मदतीने भरून काढतो. पुरेसे नत्र मिळवण्यासाठी त्याला मोठ्या प्रमाणात रस शोषावा लागतो आणि जादा साखर तो शरीराबाहेर टाकतो. शेतकरी ज्याला 'चिकटा' म्हणतात तो हाच गोड स्राव होय. त्यावर काळी बुरशी वाढून पानांचे प्रकाशसंश्लेषण कमी होते आणि वेचणीच्या वेळी कापसाची प्रतही खालावते.

## वनस्पतींची रासायनिक संरक्षणे

वनस्पतींमध्ये पोषक द्रव्यांबरोबरच कीटकांना अपायकारक किंवा अरुचिकर अशी दुय्यम रसायनेही असतात. गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी 1959 मध्ये असे प्रतिपादन केले की, हिरव्या पानांचे पोषणमूल्य साधारणपणे सारखेच असते आणि कीटकाची अन्ननिवड मुख्यतः दुय्यम रसायनांवर ठरते. पॉल अर्लिक व पीटर रेव्हन यांनी 1964 मध्ये फुलपाखरे आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांच्या उदाहरणावरून सहउत्क्रांतीची कल्पना मांडली. पुढील संशोधनाने फ्रेंकेल यांच्या मताला मुरड घातली. नत्र, पाणी आणि साखर यांच्या प्रमाणातील फरकही अन्ननिवडीवर व वाढीवर मोठा परिणाम करतात, असे आता मानले जाते.

खानदेशातील पिकांमध्ये अशा संरक्षणांची अनेक उदाहरणे आढळतात :

* कापूस : पाने, बोंडे व सरकी यांतील ग्रंथींमध्ये गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. ग्रंथीविरहित कापसाचे वाण तयार झाल्यावर त्यांना एरवी कापूस न खाणाऱ्या प्राण्यांचा व किडींचाही उपद्रव होत असल्याचे दिसून आले. पानांवरील दाट लव तुडतुड्यांना अटकाव करते.
* हरभरा : पानांवरील व घाट्यांवरील सूक्ष्म केसांतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल स्रवते. यालाच 'आंब' म्हणतात. त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटे अळीची वाढ मंदावते.
* ज्वारी : कोवळ्या रोपांमध्ये धुरिन हे द्रव्य असते. ऊती चिरडल्या गेल्यावर त्यापासून हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना होणाऱ्या विषबाधेचे कारणही हेच आहे.
* मका : कोवळ्या रोपांत असणारी बेंझोक्झाझिनॉइड गटातील रसायने अनेक खोडकिडी व मावा यांना प्रतिकूल ठरतात.
* कडधान्ये : बियांमध्ये प्रथिने व पिष्ट यांचे पचन रोखणारी निरोधक प्रथिने असतात.

## पचनसंस्था

अळीच्या अन्नमार्गाचे अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र असे तीन भाग असतात. पचन व शोषण मुख्यतः मध्यांत्रात होते. पतंगवर्गीय अळ्यांच्या मध्यांत्रातील द्रव तीव्र अल्कधर्मी असतो आणि प्रथिनांचे पचन ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन यांसारख्या सेरीन प्रोटिएज विकरांमार्फत होते. अन्नाभोवती असलेले परिपोषी पटल मध्यांत्राच्या पेशींचे रक्षण करते.

या रचनेला व्यावहारिक महत्त्व आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील स्फटिकरूप प्रथिन अळीच्या अल्कधर्मी मध्यांत्रात विरघळते, तेथील पाचक विकरांमुळे क्रियाशील होते आणि मध्यांत्राच्या पेशींना छिद्रे पाडते. अळीचे खाणे थांबते व ती मरते. मनुष्याचे जठर आम्लधर्मी असते आणि त्या प्रथिनाला चिकटण्यासाठी लागणारी ग्राहके त्याच्या आतड्यात नसतात. म्हणून हाच परिणाम मनुष्यात घडत नाही.

### घाटे अळीवरील पुण्यातील संशोधन

महाराष्ट्रात या विषयावर झालेल्या कामांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील घाटे अळीवरील (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) संशोधन महत्त्वाचे मानले जाते. हरभऱ्यातील निरोधक प्रथिने ही अळी आपल्या आतड्यातील विकरांनी निष्क्रिय करू शकते, असे तेथील संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केले. 1999 मधील निबंधात भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांसारख्या, अळीच्या नेहमीच्या आहाराबाहेरील वनस्पतींची निरोधक प्रथिने अधिक परिणामकारक ठरतात आणि ती आलटूनपालटून वापरणे आवश्यक आहे, असे दाखवण्यात आले. 2001 मधील अभ्यासात हरभरा, तूर, कापूस व भेंडी यांवर वाढवलेल्या अळ्यांच्या आतड्यातील विकरांचे प्रमाण व प्रकार वेगवेगळे असल्याचे आढळले. अन्न बदलले की पाचक विकरांचा संच बदलण्याची ही क्षमता अळीच्या बहुभक्षीपणाचे एक स्पष्टीकरण ठरते.

## मोजमापाच्या पद्धती

### पोषण निर्देशांक

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ गिल्बर्ट वाल्डबावर यांनी 1968 मध्ये कीटकांच्या अन्नसेवनाचा व अन्नवापराचा सविस्तर आढावा घेतला आणि त्यासाठी लागणारे निर्देशांक एकत्रित मांडले. पदव्युत्तर प्रबंधांमध्ये आजही तेच सर्वाधिक वापरले जातात. सर्व वजने शुष्क घेतली जातात.

* सापेक्ष सेवन दर : खाल्लेले अन्न भागिले (अळीचे सरासरी वजन गुणिले दिवस)
* सापेक्ष वाढ दर : वजनातील वाढ भागिले (अळीचे सरासरी वजन गुणिले दिवस)
* अंदाजे पचनीयता : (खाल्लेले अन्न वजा विष्ठा) भागिले खाल्लेले अन्न, गुणिले 100
* सेवित अन्नाची रूपांतर क्षमता : वजनातील वाढ भागिले खाल्लेले अन्न, गुणिले 100
* पचलेल्या अन्नाची रूपांतर क्षमता : वजनातील वाढ भागिले (खाल्लेले अन्न वजा विष्ठा), गुणिले 100

उदाहरणार्थ, एखाद्या अळीने 200 मिलिग्रॅम अन्न खाल्ले, 120 मिलिग्रॅम विष्ठा टाकली आणि तिचे वजन 30 मिलिग्रॅमने वाढले असे मानल्यास पचनीयता 40 टक्के, सेवित अन्नाची रूपांतर क्षमता 15 टक्के आणि पचलेल्या अन्नाची रूपांतर क्षमता 37.5 टक्के येते. पहिली संख्या अन्न किती पचले हे सांगते, तर शेवटची पचलेल्या अन्नाचा किती भाग शरीर बांधण्यात खर्ची पडला हे सांगते. पचनीयता चांगली असूनही ही शेवटची संख्या घटल्यास, विषारी द्रव्यांचा निचरा करण्यात किंवा असंतुलित आहार सावरण्यात ऊर्जा खर्च होत असावी, असा तर्क करता येतो. दोन्ही संख्या एकत्र वाचल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

### पद्धतीच्या मर्यादा

विष्ठेत न पचलेल्या अन्नाबरोबर मूत्रद्रव्येही मिसळलेली असतात, म्हणून पचनीयतेला 'अंदाजे' म्हटले जाते. प्रयोगाच्या काळात तोडलेल्या पानातील पाणी उडते आणि श्वसनामुळे त्याचे शुष्क वजनही घटते. त्यासाठी अळी न सोडलेले तुलनेचे पान ठेवून दुरुस्ती करावी लागते. अळीने पुरवलेल्या अन्नाचा अगदी लहान भाग खाल्ल्यास वजनातील छोटी चूकही निर्देशांकात मोठी होऊन उतरते. गुणोत्तरांवर आधारित सांख्यिकी विश्लेषणावरही आक्षेप घेतले गेले असून त्याऐवजी सहप्रसरण विश्लेषणाची शिफारस केली जाते.

डेव्हिड रॉबेनहायमर व स्टीफन सिम्पसन यांनी 1993 मध्ये टोळांवरील प्रयोगांच्या आधारे 'भौमितिक चौकट' ही पद्धत मांडली. तीत प्रथिने व कर्बोदके हे दोन स्वतंत्र अक्ष मानून कीटक आपला आहार कोणत्या गुणोत्तराकडे नेतो हे पाहिले जाते. कीटक केवळ पोट भरत नाही, तर शक्य तेव्हा वेगवेगळ्या अन्नांत फेरफार करून आहाराचे संतुलन साधतो, हे या पद्धतीने स्पष्ट झाले.

### कृत्रिम खाद्य

एखाद्या पोषक द्रव्याची गरज सिद्ध करण्यासाठी ते द्रव्य वगळलेले खाद्य तयार करावे लागते. पानांवर हे शक्य नसते. त्यामुळे कृत्रिम खाद्याच्या विकासाने या विषयाला गती मिळाली. या इतिहासात गुलाबी बोंडअळीला विशेष स्थान आहे. व्हँडरझँट व रायझर यांनी 1956 मध्ये ही अळी निर्जंतुक कृत्रिम माध्यमावर वाढवली आणि 1960 मध्ये अॅडकिसन व सहकाऱ्यांनी तिच्यासाठी गव्हाच्या अंकुराचे खाद्य तयार केले. अंकुरावर आधारलेली खाद्ये पुढे अनेक पतंगवर्गीय अळ्यांसाठी वापरात आली. भारतात घाटे अळीसाठी हरभऱ्याचे पीठ, आगर, यीस्ट, क जीवनसत्त्व आणि बुरशीरोधक द्रव्ये यांचे मिश्रण सर्रास वापरले जाते. घाटे अळीवरील विषाणूजन्य कीडनाशक (एचएएनपीव्ही) तयार करण्यासाठी अळ्यांचे असे संगोपन आवश्यक असते.

## खानदेशातील संशोधनाची पार्श्वभूमी

या परिसरात कृषी शिक्षण व संशोधन महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी (स्थापना 1968) यांच्या अखत्यारीत येते. धुळ्याचे कृषी महाविद्यालय 1960 मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीच सुरू झाले होते. जळगाव येथे विद्यापीठाची तेलबिया व केळी संशोधन केंद्रे आहेत. 'जेएल 24' (फुले प्रगती) या प्रसिद्ध भुईमूग वाणाच्या नावातील 'जेएल' ही अक्षरे जळगावची निदर्शक आहेत. मूलभूत जीवशास्त्र व प्राणिशास्त्र यांतील पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षण कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी निगडित आहे. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगाव येथे स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 2018 मध्ये सध्याचे नाव मिळाले. त्याचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचे आहे.

कृषी विद्यापीठांतील प्रबंध 'कृषिकोश' या संग्रहात, तर इतर विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात ठेवले जातात.

### प्रयोगाचे सामान्य स्वरूप

पोषणविषयक प्रबंधात एकाच किडीच्या अळ्या अनेक खाद्यवनस्पतींवर किंवा एकाच पिकाच्या अनेक वाणांवर वाढवल्या जातात. शेतातून आणलेल्या अळ्यांत परोपजीवी व रोग असण्याची शक्यता असल्याने प्रयोगशाळेत किमान एक पिढी वाढवून मग नव्याने उबलेल्या अळ्या प्रयोगासाठी घेतल्या जातात. घाटे अळ्या एकमेकींना खात असल्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र डबीत ठेवावे लागते. अळी अवस्थेचा कालावधी, कोषाचे वजन, कोषातून बाहेर पडणाऱ्या प्रौढांचे प्रमाण आणि मादीने घातलेल्या अंड्यांची संख्या नोंदवली जाते. कोषाचे वजन व अंड्यांची संख्या यांचा सहसा निकटचा संबंध असतो. अळीला मिळालेला निकृष्ट आहार अशा प्रकारे पुढील पिढीच्या संख्येत दिसून येतो.

तापमानामुळे सेवन व वाढ दोन्ही बदलतात. खानदेशात उन्हाळ्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने नियंत्रित तापमानाच्या कक्षाशिवाय घेतलेल्या नोंदी ऋतूऋतूंत तुलना करण्यास योग्य राहत नाहीत.

## खानदेशातील प्रमुख उदाहरणे

### गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळीचे (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी 1843 मध्ये गुजरातेतील भरूच येथील कापसावरून मिळालेल्या नमुन्यांच्या आधारे केले. अंड्यातून बाहेर पडलेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि प्रथिने व तेल यांनी समृद्ध असलेल्या सरकीवर वाढते. तिचा आहार जवळजवळ कापसापुरता मर्यादित आहे. हंगामाच्या अखेरीस ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत सुप्तावस्थेत राहू शकते.

भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये आणि दोन जनुके असलेल्या बीटी कापसाला 2006 मध्ये परवानगी मिळाली. घाटे अळीला तूर, हरभरा, भेंडी, टोमॅटो अशी अनेक बिगरबीटी खाद्ये उपलब्ध असतात. त्यांवर वाढणारे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करून प्रतिकारशक्तीचा प्रसार लांबवतात. गुलाबी बोंडअळीला असे पर्यायी अन्न नसल्याने तिच्यावर निवडीचा दाब सतत राहिला. शिवाय संकरित बीटी वाणाच्या एकाच बोंडातील सर्व सरक्यांत विषारी प्रथिन सारखे नसते. बिगरबीटी कापसाचे आश्रयपीक लावण्याची शिफारसही मोठ्या प्रमाणावर दुर्लक्षित राहिली. एका जनुकाच्या बीटी कापसाला ही अळी दाद देत नसल्याचे गुजरातमधून 2010 मध्ये जाहीर झाले. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या वाणांवरही तिचा मोठा उद्रेक झाला आणि कापूस उत्पादकांची मोठी हानी झाली.

खानदेशात विहिरी व ठिबक सिंचनाच्या आधारे मे महिन्यात पूर्वहंगामी कापूस लावण्याची पद्धत आहे. या लागवडीमुळे सुप्तावस्थेतून बाहेर पडणाऱ्या पतंगांच्या संततीला लवकर पाते व बोंडे मिळतात, तर हंगामानंतर 'फरदड' ठेवल्यास अन्नाची साखळी पुढेही चालू राहते. पूर्वहंगामी लागवड टाळणे, डिसेंबर-जानेवारीपर्यंत पीक संपवणे आणि पऱ्हाटीची विल्हेवाट लावणे या शिफारशींमागील तत्त्व पोषणाचेच आहे : अळीला ठरावीक काळ अन्नच मिळू द्यायचे नाही. लवकर लागवडीतून मिळणारे अधिक उत्पन्न आणि सामूहिक कीडनियंत्रण यांच्यातील हा पेच शेतकऱ्यासाठी आर्थिक स्वरूपाचा आहे.

### केळीवरील कीटक

केळीचा सोंडकिडा (ओडोइपोरस लाँगिकोलिस) खोडातील पिष्टमय व पाणीदार ऊतींवर वाढतो. माव्याचे महत्त्व रसशोषणापेक्षा विषाणूप्रसारामुळे अधिक आहे. जळगाव जिल्ह्यात 'हरण्या' या नावाने ओळखला जाणारा काकडी मोझॅक विषाणूचा रोग माव्यामार्फत पसरतो. योग्य वनस्पती शोधताना मावा अनेक झाडांवर सोंड टोचून क्षणभर चाखतो. या चाखण्यातच विषाणूची ने-आण होते. म्हणून केळीवर कायम न राहणारे मावेही हा रोग पसरवू शकतात. बागेत किंवा बागेजवळ काकडीवर्गीय पिके व विषाणूला आश्रय देणारी तणे टाळण्याचा सल्ला त्यामुळे दिला जातो.

### कडधान्यातील भुंगेरा

जळगाव हे डाळ उद्योगाचे केंद्र असल्याने साठवणीतील कडधान्यांच्या किडींना तेथे आर्थिक महत्त्व आहे. कॅलोसोब्रुकस प्रजातीतील भुंगेऱ्याची अळी एकाच दाण्यात वाढते आणि प्रौढाला अन्नाची गरज भासत नाही. संपूर्ण जीवनाचे पोषण एका दाण्यातून होत असल्याने दाण्यातील घटकांचा वाढीवर होणारा परिणाम मोजण्यासाठी हा कीटक सोयीचा ठरतो.

### अमेरिकन लष्करी अळी

अमेरिका खंडातील ही अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) भारतात 2018 मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली व लवकरच महाराष्ट्रात पसरली. मका हे तिचे आवडते खाद्य असले तरी ज्वारीवरही ती वाढते. दोन्ही पिके खानदेशात असल्यामुळे विविध खाद्यांवरील तिच्या वाढीची तुलना हा संशोधनाचा उपयुक्त विषय आहे.

## उपयोजन

पोषणाच्या अभ्यासाचा उपयोग प्रतिकारक वाणांची निवड, सापळा पिके, पीक फेरपालट, लागवडीची वेळ आणि खतांची मात्रा ठरवताना होतो. शिफारशीपेक्षा अधिक नत्रखत दिल्यास पाने लुसलुशीत होतात, रसातील विद्राव्य नत्र वाढते आणि मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांना ते पोषक ठरते. वाणांच्या निवडीत कीटकाने वनस्पती नाकारणे, खाऊनही त्याची वाढ खुंटणे आणि उपद्रव होऊनही पिकाने तो सोसणे, असे प्रतिकाराचे तीन प्रकार मानले जातात. रेजिनाल्ड पेंटर यांनी 1951 मध्ये मांडलेल्या या वर्गीकरणातील दुसऱ्या प्रकाराचे मोजमाप पोषण निर्देशांकांनीच होते.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष शेतात जसेच्या तसे लागू होत नाहीत. डबीतील अळीला अन्न निवडण्याची मुभा नसते. शेतात मात्र मादी कोठे अंडी घालते, नैसर्गिक शत्रू किती आहेत आणि पीक पाण्याच्या ताणाखाली आहे का, यांवर किडीची संख्या ठरते. त्यामुळे कोणत्याही वाणाची अंतिम शिफारस करण्यापूर्वी एकाहून अधिक हंगामांत शेतावरील चाचण्या घेतल्या जातात.

## हेही पाहा

* कीटकशास्त्र
* एकात्मिक कीड व्यवस्थापन
* बीटी कापूस
* खानदेश
* कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ